शाळेत आलेली ॲम्ब्युलन्स

पटांगणात ॲम्ब्युलन्स शिरली आणि पहिली-दुसरीची सगळी पोरं वर्गातून उधळली. मी मागून ओरडत होते, "रांग करा रे, रांग! गाडी कुठं पळून चालली नाही!" पण ऐकतंय कोण? कुणी चाकाला हात लावत होतं, कुणी काचेला नाक चिकटवून आत बघत होतं.

गाडीतून ड्रायव्हर उतरले. उंचापुरे, पन्नाशीकडे झुकलेले, मेंदी लावून लाल केलेली दाढी. मुलाणी त्यांचं नाव. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तासाभराची परवानगी दिली होती, म्हणून ते आले होते.

"काका, सायरन वाजवा!"

"वाजवतो की. पण एकदाच हां. न्हाईतर सगळी आळी पळत यील, कुणाला काय झालं म्हणून."

पोरं खदाखदा हसली.

त्या वर्षी आमच्या शाळेला चित्रांच्या पुस्तकांचा एक संच मिळाला होता. 'आपल्यासाठी कोण कोण?' असं त्याचं नाव. एकेका पुस्तकात एकेक माणूस. पोस्टमन, वायरमन, नर्स, आगीचा बंब चालवणारे, घंटागाडीवाली. मी दुसरीला शिकवत होते, नोकरी नवी होती, अंगात उत्साह होता. एक पुस्तक वाचून झालं की त्यातलं खरं माणूस वर्गात बोलवायचं, असं मी ठरवलं. वायरमन आला, त्यानं झोळ्यातली हत्यारं मांडून दाखवली. घंटागाडीवरच्या पारूबाई आल्या. एका पोरानं त्यांना विचारलं, "तुम्हाला घाण वास येत नाही का?" तशा त्या म्हणाल्या, "येतो की बाळा. तुमच्या दारात यिऊ नये म्हणून माझ्या नाकात येतो." पोरं ते वाक्य महिनाभर म्हणत होती.

ॲम्ब्युलन्सचं पुस्तक मात्र मी मुद्दाम मागं ठेवलं होतं. त्याला कारण होतं प्रांजल निकम.

प्रांजल माझ्याच वर्गात. सावळी, बारीक, बोलायची कमी. तिची आई ॲम्ब्युलन्समधून नेताना वाटेतच गेली, असं तिच्या वडिलांनी नाव घालतानाच सांगितलं होतं. विलास निकम मूळचे जतकडचे. बायको गेल्यावर लेकीला घेऊन इकडं विट्याला आले आणि यंत्रमागावर कामाला लागले. रोज सकाळी सायकलच्या दांडीवर बसवून लेकीला आणायचे. तिच्या दोन वेण्या स्वतः घालायचे, एक वर, एक खाली. रिबीन मात्र रोज इस्त्री केलेली. शाळा सुटायच्या आधी पाच मिनिटं ते फाटकाशी हजर. आम्ही शिक्षिका आपसात म्हणायचो, बाप असावा तर असा. आमच्या तोडकर बाई तर त्यांना पोरगी बघायला निघाल्या होत्या. त्यांनी हात जोडले. "नको बाई. प्रांजलला सावत्र नको."

मुलाणी काका यायच्या आदल्या दिवशी मी निकमांना फाटकाशी गाठलं आणि म्हटलं, "उद्या ॲम्ब्युलन्स येणार आहे. प्रांजलला घरी ठेवायचं असेल तर ठेवा. उगीच तिला त्रास नको."

त्यांनी सायकल फाटकाला टेकवली. मग म्हणाले, "नको मॅडम. येऊ दे तिला. कधीतरी सवय व्हायलाच पायजे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं तेव्हा.

तर त्या दिवशी मुलाणी काकांनी गाडीचं मागचं दार उघडलं, स्ट्रेचर दाखवलं, ऑक्सिजनची नळी दाखवली. बोलायची हातोटी होती त्यांना. "ही गाडी दिसली की मोटारवाल्यांनी काय करायचं?" "बाजूला व्हायचं!" "शाबास!" प्रांजल सगळ्यांच्या मागं, लिंबाच्या झाडाला टेकून उभी होती. मी तिच्यावर लक्ष ठेवून होते. ती गाडीकडं बघतच नव्हती. काकांच्या तोंडाकडं बघत होती.

मग ती सरळ चालत पुढं आली. पोरांना बाजूला सारत त्यांच्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही मला पुढं बसवलं होतं," ती म्हणाली.

"कवा गं?"

"मी लहान होते तेव्हा. तुम्ही मला क्रीमचं बिस्किट दिलं. मी रडत होते म्हणून. आणि म्हणाला, मागं बघायचं नाही, रस्त्याकडं बघायचं."

मुलाणी काकांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. ते गुडघ्यावर बसले. तिची हनुवटी बोटानं वर केली.

"नाव काय तुझं, बाळा?"

"प्रांजल विलास निकम."

"आई कुठाय तुझी?"

 प्रांजल अगदी शांतपणे म्हणाली, "मेली की. तुमच्याच गाडीत."

काका उठायला गेले आणि त्यांचा तोल गेला. त्यांनी गाडीचं दार धरलं. त्यांचा चेहरा असा पडला, की मला वाटलं यांनाच काही होतंय. मी पुढं धावले, पोरांना वर्गात पिटाळलं, तोडकर बाईंना म्हटलं, "जरा दोन्ही वर्ग बघा," आणि काकांना पाणी आणून दिलं. त्यांनी पेला हातात घेतला, पण प्याले नाहीत.

"मॅडम," ते म्हणाले, "ती बाई मेलेली न्हाई."

"कोण?"

"ह्या पोरीची आई. जयश्री. मी सोत्ता तिला मिरजेच्या दवाखान्यात पोचवली. डोकं फुटल्यालं, कंबर मोडल्याली. जिन्यावरनं पडली म्हणत व्हता नवरा. वाचली ती. लई दिवस पडून होती, पण वाचली. अन् शुद्धीवर येऊन बघतीया तर नवरा न्हाई, पोरगी न्हाई. घराला कुलूप."

मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. मी म्हटलं, "काका, तुमची काहीतरी गफलत होतेय. हिचे वडील असले नाहीत. मी रोज बघते त्यांना."

"मॅडम, मी तवा जतला होतो. ती बाई कुबडी घेऊन गाडीच्या अड्ड्यावर यायची. म्हणायची, दादा, तुम्ही गावोगाव फिरता, माझी पोरगी कुठं दिसली का? पोलिसात जाऊन आली, भाऊ तिचा पुण्यापतूर हुडकून आला. माझी बदली इकडं झाली तरी तिचा फोन येतो. दर सणाला येतो. मी काय सांगणार? म्हणतो, न्हाई गं ताई, न्हाई दिसली."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला.  नंबर लावला आणि फोन माझ्याकडं दिला. "माझ्याच्यानं हुनार न्हाई. तुम्ही बोला. तुम्ही तिच्या बाई हाय."

पलीकडून आवाज आला, "बोला दादा."

मी माझं नाव सांगितलं. विट्याच्या शाळेतून बोलतेय म्हणाले. मग म्हटलं, "तुमची प्रांजल माझ्या वर्गात आहे."

  खूप हळू, कुणी ऐकेल अशा भीतीनं बोलावं तसं तिनं विचारलं, "दात पडले का तिचं?"

"हो. पुढचे दोन. नवे येतायत."

त्यावर त्या बाईनं जो हंबरडा फोडला, तो मी फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू येत होता. मुलाणी काका पाठ फिरवून गाडीच्या चाकाकडं बघत उभे राहिले.

आमचे मुख्याध्यापक साळुंखे सर सबुरीचे. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी आधी दार लावून घेतलं. "हे बघा, नवरा-बायकोचं भांडण असतं. आपण शाळेनं त्यात—"

"सर, आई मेली म्हणून सांगितलंय. पोरीला."

सर खुर्चीत मागं टेकले. पेनचं टोपण काढलं, लावलं. मग स्वतःच पोलीस ठाण्याला फोन केला. तिथून सांगितलं, पोरीला शाळेतच ठेवा, आम्ही माणूस पाठवतो. जयश्री आणि तिचा भाऊ जतहून निघाले होते. मुलाणी काका दवाखान्यात गाडी लावून, कुणाला तरी बदलीवर ठेवून मोटारसायकलवर परत आले.

दुपारभर मी वर्गात शिकवत होते. काय शिकवलं, देव जाणे. प्रांजलनं एकदाच विचारलं, "मॅडम, ते काका घाबरले का?" मी म्हटलं, "त्यांना बरं वाटत नव्हतं." माझ्याच तोंडचं ते खोटं मला नकोसं झालं.

शाळा सुटायच्या आधी नेहमीसारखी सायकल फाटकाशी लागली. पोरं गेली. प्रांजलला मी तोडकर बाईंपाशी वर्गात ठेवलं होतं. निकम आत आले. पायरीवर साध्या साडीत एक पोलीस बाई बसल्या होत्या, त्यांच्याकडं त्यांचं लक्ष गेलं नाही. झाडाखाली मुलाणी काका पाठमोरे उभे होते.

"आज उशीर, मॅडम?" ते हसून म्हणाले. "त्रास नाही ना झाला तिला? गाडी बघून?"

दिवसभर मी मनाशी वाक्य जुळवत होते. त्या वेळी एकही आठवलं नाही. तोंडातून एवढंच बाहेर पडलं, "जयश्री जिवंत आहे."

मला वाटलं होतं ते दचकतील, कोण जयश्री म्हणतील, अंगावर येतील. तसं काही झालं नाही. खांद्यावरची पिशवी त्यांनी जपून खाली ठेवली.  आणि म्हणाले, "मी एकदाच मारलं होतं."

मी काही विचारलंच नव्हतं. मारल्याचा शब्दसुद्धा माझ्या तोंडून निघाला नव्हता.

"एकदाच, मॅडम. रागाच्या भरात. हातात पाटा-वरवंट्यातला वरवंटा होता. तोवर कधी हात उचलला नव्हता. विचारा कुणालाही. ती शुद्धीवर आली की तिनं जबाब दिला असता. मी आत गेलो असतो. पोरीचं काय झालं असतं? पोरीसाठी केलं मी."

असं म्हणताना त्यांचा आवाज अगदी रोजचाच होता. रोज मला 'येतो मॅडम' म्हणायचे, तोच. मी एक पाऊल मागं सरले. पोलीस बाई उठल्या. "निकम, इथंच थांबायचं," त्या म्हणाल्या. ते थांबले. पळायचा प्रयत्नसुद्धा त्यांनी केला नाही.

तेवढ्यात फाटकात जीप थांबली.

आधी भाऊ उतरला, मग त्यानं हाताला धरून तिला उतरवलं. जयश्री माझ्याच वयाची असेल, पण चालणं म्हातारीचं. डावा पाय ओढत होती. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला होता, तरी त्याखालचा व्रण भुवईत उतरलेला दिसत होता. तिनं नवऱ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर सगळ्या पटांगणात भिरभिरत होती.

मला वाटलं होतं, आता पोरगी धावत येईल. आपण सगळे तसंच धरून चालतो. मी वर्गाच्या दाराशी जाऊन प्रांजलचा हात धरला आणि म्हटलं, "ये. तुला भेटायला कोण आलंय बघ."

ती बाहेर आली. तिनं पाहिलं. 

आणि ती किंचाळली. तसली किंकाळी मी आयुष्यात कुठल्याही मुलाच्या तोंडून ऐकली नाही. "पप्पा! पप्पा! भूत!"

माझा हात झटकून ती धावली ती थेट बापाकडं. त्यांच्या कमरेला मिठी मारून तिनं तोंड त्यांच्या शर्टात खुपसलं.  "पप्पा, तिला जायला सांगा! पप्पा, घरी चला!"

जयश्री होती तिथंच उभी राहिली. दोन्ही हात पुढं केलेले, तसेच. मग ती खाली बसली. मोडक्या कमरेचं माणूस बसतं तसं, आधी हात टेकून, मग एकेक पाय सोडून. पटांगणातल्या धुळीत बसली आणि तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. पोरीला भीती वाटू नये म्हणून.

 पोलीस बाईंनी पोरीला सोडवायला हात पुढं केला, तशी ती अजूनच घट्ट बिलगली. शेवटी मुलाणी काका झाडाखालून आले. थोड्या अंतरावर गुडघ्यावर बसले.

"प्रांजल, माझं ऐकतीस?"

तिनं शर्टातून एक डोळा बाहेर काढला. "काका, मेलेली माणसं परत येतात?"

"न्हाई. मेल्यालं माणूस कधीच परत येत न्हाई."

"मग ती?"

"ती मेलीच नव्हती, बाळा. मी तिला दवाखान्यात सोडली, तवा श्वास चालू होता. डॉक्टरांनी बरी केली. भूत न्हाई ती. तुझी आई हाय."

 प्रांजलचं एवढंसं कपाळ आक्रसलं. मग तिनं मान वर करून बापाकडं पाहिलं.

"पप्पा, हे काका खोटं बोलतायत ना?"

आम्ही सगळे निकमांकडं बघत होतो. त्या माणसाला माझ्यासमोर लाज वाटली नव्हती, पोलिसांसमोर वाटली नव्हती. पण लेकीच्या त्या प्रश्नावर त्यांचा चेहरा असा मोडला, की बघवेना.  

"नाही," ते म्हणाले. "पप्पा खोटं बोलला."

तिचे हात सुटले. ती मागं सरकली. रडली नाही, ओरडली नाही. एक पाऊल, अजून एक पाऊल, अशी मागं मागं जात पटांगणाच्या मधोमध उभी राहिली. आईकडं गेली नाही, बापाकडं गेली नाही, माझ्याकडंही आली नाही. मी हाक मारली तर तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी कोण आहे हेच तिला आठवत नव्हतं.

पोलिसांची गाडी आली, निकमांना घेऊन गेली. जाताना ते लेकीला काही बोलले नाहीत. बालकल्याण समितीपुढं जाबजबाब झाले आणि पोरगी आईकडं सोपवली. जीपमधून जतला जाताना मी सोबत गेले, कारण माझ्याशिवाय ती गाडीत चढायला तयार नव्हती. सगळ्या वाटेत जयश्री पुढच्या सीटवर बसून होती. एकदाही तिनं मागं वळून पाहिलं नाही. घराशी उतरताना प्रांजल पहिल्यांदा तिच्याशी बोलली. म्हणाली, "मग तू आली का नाहीस?"

"हुडकत होते गं," जयश्री म्हणाली. "हुडकतच होते."

पोरीनं मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.

निकमांना शिक्षा झाली. माझी पुढं दोन-तीन गावांत बदली झाली, लग्न झालं, मुलं झाली. हा प्रसंग मी फारसा कुणाला सांगितला नाही. सांगायला गेलं की ऐकणारा शेवटी म्हणतो, "चला, चांगलं झालं. मायलेकींची गाठ पडली." मी हो म्हणते.

मागच्या वर्षी मिरजेच्या स्टँडवर कुणीतरी 'मॅडम' म्हणून हाक मारली. उंच, सावळी मुलगी, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. मी ओळखलं नाही. तिनं नाव सांगितलं, तेव्हा मी तिथंच बाकावर बसले. तीही शेजारी बसली. बारावी झाली होती, नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. आई बरी आहे म्हणाली, शिलाईचं दुकान टाकलंय, दोन मुली हाताखाली आहेत. मुलाणी काकांकडं ईदला जाऊन येतात दोघी.

मग आपणहून म्हणाली, "पप्पा सुटलेत. इचलकरंजीला असतात. मी भेटते कधी कधी. आईला माहीत आहे. ती काही विचारत नाही."

मी बाकावरची माझी पिशवी मांडीवर घेतली.

"मॅडम, तुम्हाला एक सांगू? कुणालाच सांगितलं नाही. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त राग आईचा आला होता."

"तू घाबरली होतीस, बाळा."

"घाबरले होते ते आधी. नंतर राग आला. जीपमध्ये सगळ्या वाटेत मी एकच म्हणत होते मनात."  समोर एक गाडी मागं घेताना कंडक्टर शिट्टी मारत होता, ती शिट्टी संपेपर्यंत थांबली. "आई मेलेलीच असती तर पप्पा चांगलेच राहिले असते."

 तिच्या आवाजात रडणं नव्हतं, पश्चात्ताप नव्हता. गृहपाठ केला नाही हे सांगावं, तसं तिनं सांगितलं होतं.

"अजूनही वाटतं?" मी कसंबसं विचारलं.

फलाटावर जतची गाडी लागली. तिनं सॅक उचलली, वाकून माझ्या पायांना हात लावला.

"आईच्या पाठीला रात्री तेल लावते ना मी," ती म्हणाली, "तेव्हा नाही वाटत. बाकी वेळी वाटतं."

आणि ती गर्दीत घुसून गाडीत चढली.